सकाळी तापाचं औषध पाजून मूल पाळणाघरात सोडतात, नियम कसा घालावा?

पिंपळपान:
घरगुती पाळणाघर आहे. पाच मुलं, वय १० महिने ते ४ वर्षं, वेळ ८.३० ते ७. दोन घरांतून मूल तापाचं औषध पाजूनच येतं, सांगत कोणी नाही. दुपारी जेवायच्या वेळी अंग चटके देतं, फोन केला की आई मीटिंगमध्ये. चार दिवसांत बाकीची मुलंही फणफणतात. लेखी नियम करायचाय, पण कुणाला लागायला नको. शिवाय आजारपणाच्या दिवसांचे पैसे कापायला सांगतात, त्याचं काय?

दूधभात:
पॅरासिटामॉलचा असर चार ते सहा तास. आठला पाजलं तर बारा ते दोनमध्ये ताप डोकं वर काढणारच. म्हणून दारात "ताप आहे का?" विचारण्यात अर्थ नाही. "नाही" हे उत्तर त्या क्षणी खरंच असतं! "शेवटचं औषध किती वाजता, किती मिली दिलं?" असं विचारा आणि वहीत लिहून पालकांची सही घ्या. शंका आली तर ते दारात असतानाच थर्मामीटर लावा. आकडा दोघांनी पाहिला की "तुमच्याकडेच आला ताप" हा वाद उरत नाही.

नियम एवढाच: औषध न देता २४ तास ताप नसेल तरच यायचं. कांजिण्यांना मात्र सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत सुट्टी. दुसऱ्या पालकांना कळवताना "एका मुलाला कांजिण्या आल्यात" इतकंच लिहा. ग्रुपवर नाव नको, नाती तिथेच बिघडतात.

चमचावाटी:
औषधाबद्दल आणखी कडक राहा. तापाचं सिरप ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलीग्रॅमचं मिळतं, तसंच २५० चंही. थेंबांच्या बाटलीत तर १ मिलीतच १०० मिलीग्रॅम असतात. १० किलोच्या मुलाला डॉक्टरांनी १५० मिलीग्रॅम सांगितलं, तर ते १२५ च्या बाटलीतून ६ मिली, २५० च्या बाटलीतून ३ आणि थेंबांतून फक्त दीड मिली. "पाच मिली द्या हो ताई" असा निरोप आला आणि हाती थेंबांची बाटली असली तर थेट ५०० मिलीग्रॅम पोटात!

म्हणून मूळ बाटली, मुलाचं नाव लिहिलेली, सोबत चिठ्ठीचा फोटो. वाटीत काढून आणलेलं औषध घ्यायचं नाही. मोजायला सिरिंज किंवा बाटलीचं मापाचं झाकण, घरातला चमचा नको. सकाळचा डोस वहीत नसेल तर दुपारी फोनवर विचारल्याशिवाय काही पाजू नका, नाहीतर डोसावर डोस पडतो.

अंगणवेल:
पैशांचं: महिन्याची फी जागा राखून ठेवण्याची असते, हजेरीची नव्हे. हे प्रवेशाच्या दिवशीच कागदावर हवं. भांडण सुरू झाल्यावर सांगितलेला नियम शिक्षेसारखा वाटतो. सलग दोन आठवड्यांवर आजारपण गेलं तर थोडी सूट द्या, आणि तुम्ही स्वतः बंद ठेवाल त्या दिवसांचंही आधीच ठरवा. एकतर्फी कागद पालक मनापासून पाळत नाहीत.

फोन आल्यावर तासाभरात न्यायला येईल अशा तिसऱ्या माणसाचं नाव आणि नंबर घ्या: आजी, मावशी, शेजारीण, कुणीही. पालकांच्याही रजा मोजक्याच असतात. पण "मीटिंग संपली की येतो" याला वेळ नसते. त्या माणसाचा फोटोही ठेवा, अनोळखी हाती मूल द्यायचं नाही.

निरांजन:
एक विरोधी मत. नुसतं नाक वाहतंय म्हणून परत पाठवू नका. मूल खेळतंय, खातंय, ताप नाही, तर घ्या, नाहीतर पावसाळाभर पाळणाघर रिकामं. लसीनंतरचा ताप तर दुसऱ्याला लागतच नाही, पण किरकिरं मूल सांभाळून चौघांकडे बघणं जमत नाही. पालकांना लस शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी घ्यायला सांगा, ताप सहसा एक-दोन दिवसांत उतरतो.

पिंपळपान:
दारातला प्रश्न उद्यापासूनच बदलते. कागद एक तारखेला फीसोबत देईन. नव्या मुलांना आधी, जुन्यांना महिन्याची मुदत, असं चालेल ना?

अंगणवेल:
फीचं चालेल. औषधाच्या बाटलीचा नियम मात्र सगळ्यांना एकाच दिवशी.