खालच्या डिव्हिजनची टीम फायनलला: तुमचे अनुभव लिहा

साळुंकी: काल २०२५ च्या ड्युरंड कपची, म्हणजे आपल्या जुन्या फुटबॉल स्पर्धेची फायनल बघितली. नॉर्थईस्ट आयएसएलमधली, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमधली, समोर डायमंड हार्बर, आत्ता कुठे तिच्या खालच्या आय-लीगमध्ये चढलेली. नॉर्थईस्टने ६-१ नेली. नवऱ्याने चॅनेल बदललं, मी परत लावलं. २०१३ आठवलं.

तेव्हा मी ऑनसाइट, इंग्लंडमध्ये लीड्सला. टीममधल्या ब्रॅडफर्डच्या मुलाने मॅचला घरी बोलावलं. वेम्बलीवर लीग कपची फायनल, स्वान्सी विरुद्ध ब्रॅडफर्ड सिटी, आणि ब्रॅडफर्ड चौथ्या डिव्हिजनमधली! विगन, आर्सेनल, ॲस्टन व्हिला, तीन-तीन प्रीमियर लीगवाल्यांना, म्हणजे अगदी वरच्या डिव्हिजनवाल्यांना घरी पाठवून आलेली. त्यांचा हॅन्सन आधी सुपरमार्केटमध्ये माल लावायचा, व्हिलाविरुद्ध त्याच्याच हेडरने काम केलं. फायनलला काहीच चाललं नाही. ५-०. गोलकीपर ड्यूक कॅन्सरमधून उठलेला, त्याला रेड कार्ड. आणि टीव्हीवर बघते तर ब्रॅडफर्डवाले जागचे हललेले नाहीत, झेंडे फडकतायत, गाणी चालू. मित्राचे बाबा उठून उभे राहिले, मफलर दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. हात थरथरत होते, पण शिट्टी वाजेपर्यंत खाली घेतला नाही.

तुमच्याकडे असं काही असेल तर लिहा ना.

फोंडेकर: २०२१ ड्युरंड फायनल, आमची एफसी गोवा आणि आय-लीगची मोहम्मेडन. १०५ व्या मिनिटाला बेदियाची फ्री किक, १-०. आमच्या वाड्यावर फटाके. बाबा गोव्याच्या धेंपो क्लबचे जुने भक्त, ते एवढंच म्हणाले, "मोहम्मेडन बरी खेळली रे." तेव्हा राग आला होता. आता पटतं.

रंकाळा७७: कोल्हापुरात या, शाहू स्टेडियमवर. तालमीची मॅच (आमच्याकडे फुटबॉल क्लब तालमींचेच) म्हणजे अख्खी पेठ उठून येते, डिव्हिजन कोण विचारतंय! आजोबा शेंगा बांधून न्यायचे, हरलो की घरी येईपर्यंत एक शब्द नाही.

निशिगंध: सहा-एक म्हणजे फारच. पोरांचं वाईट वाटलं.

साळुंकी: हो गं, पण डायमंड हार्बर सेमीला आयएसएलच्या ईस्ट बंगालला हरवून आली होती. पहिल्याच ड्युरंडमध्ये!

पॅरिसवारी: फ्रान्सचा कप, २०००. कॅले चौथ्या श्रेणीतली, हौशी खेळाडूंची टीम. पहिला गोल त्यांचाच, मग शेवटच्या क्षणी पेनल्टीवर वरच्या श्रेणीतल्या नांतने २-१ नेली. पण नांतचा कॅप्टन लांद्रोने कॅलेच्या कॅप्टनला बोलावून कप दोघांनी मिळून उचलला. आमच्या फ्रेंचच्या बाईंनी हे सांगताना वर्गात डोळे पुसले होते. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

निशिगंध: साळुंकी, लीड्सला मोदकाची पिठी मिळायची का? बहीण तिकडे आहे, बुधवारी गणपती.

साळुंकी: ब्रॅडफर्डच्या देशी दुकानांत तांदळाचं पीठ मिळायचं. जरा भरड असतं, दोनदा चाळायला सांग.

जुनाखेळाडू: ब्रॅडफर्ड म्हटलं की १९८५ ची स्टँडची आग. ५६ माणसं गेली.

साळुंकी: काका, मित्राचे बाबा त्या दिवशी मैदानात होते. मला ते निघताना जिन्यात कळलं.

फोंडेकर: बाप रे.

रंकाळा७७: पुढं काय झालं मग त्या ब्रॅडफर्डच्या टीमचं?

साळुंकी: त्याच वर्षी मे महिन्यात परत वेम्बलीवर, वर चढायची प्ले-ऑफ फायनल. नॉर्थहॅम्प्टनला ३-० आणि वरच्या डिव्हिजनला! मी तोवर पुण्याला परतले होते. मित्राने फोटो पाठवला, बाबा, तोच मफलर.