मदत हवी आहे : पद्मिनीच्या कार्ब्युरेटरमधून बॅकफायर

गाडी जुनी पद्मिनी, १०८९ सीसी पेट्रोल, पॉइंटवाली (इलेक्ट्रॉनिक इग्निशन नाही), गॅस किट नाही. थंड असताना ठीक चालते. इंजिन तापलं की अ‍ॅक्सिलरेटर झटकन दाबल्यावर कार्ब्युरेटरमधून फाट्‌कन आवाज येतो आणि पिकअप जातो. सायलेन्सरमधून नाही, वरूनच. हळूहळू रेस वाढवली तर काही नाही. घाटात दुसऱ्या गिअरला जास्त.

प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॅप, रोटर बदलले. वायरींचा क्रम १-३-४-२ तपासला, टायमिंग लाइट लावून पाहिलं, टॅपेट सेट केले. जेट साफ केले, पेट्रोल फिल्टर नवा. मॅनिफोल्ड गॅस्केटवर स्प्रे मारून पाहिला, आयडलिंगमध्ये फरक नाही, म्हणजे तिथून हवा ओढत नाही. प्लग मात्र पांढुरके निघतात आणि चोक थोडा ओढला की आवाज जवळजवळ थांबतो, म्हणजे मिक्श्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) आहे एवढं नक्की.

एअर फिल्टर काढून आत पाहिलं तर पंप जेटची (झटकन रेस दिल्यावर जादा पेट्रोल सोडणाऱ्या पंपाची) धार बारीक आहे, जराशी उशिरा येते. थ्रॉटलचा स्पिंडलही (झडपेचा दांडा) बोटाने हलतो, तिथूनही हवा ओढत असेल. मेकॅनिक म्हणतो कार्ब्युरेटरच बदला. पण बाजारातल्या डुप्लिकेटपेक्षा जुना ओरिजिनल बरा.

आधी पंपाचा डायफ्रॅम (पडदा) बदलू की स्पिंडलला बुश मारून घेऊ? आणि खराबी या दोघांपैकी कशात आहे, हे कार्ब्युरेटर न उतरवता कसं ओळखायचं?