गाव शोधायच्या बॉक्समध्ये जुनीच यादी येऊन बसते, काय चुकतंय?

फॉर्मवाला: एका पतसंस्थेचा फॉर्म करतोय. गावाचं नाव टाइप केलं की खाली यादी यायला हवी. मी कीअपवर (की सोडली की येणारा इव्हेंट) फेच मारतो, म्हणजे सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवतो, आणि आलेलं जेसन, म्हणजे उत्तरातला डेटा, दाखवतो. ऑफिसच्या नेटवर झकास चालतं पण मोबाइल डेटा स्लो असला की 'सातारा' पूर्ण लिहून झालं तरी खाली 'सा'ची यादी, सांगली सासवड सावंतवाडी सगळी वरात, आणि माउसने पेस्ट केलं तर काहीच होत नाही.

जुना_खेळाडू: कीअप काढ आधी. माउसने पेस्ट करताना की दाबलीच नाही तर कीअप येणार कुठून? इनपुट इव्हेंट लाव, माणसाने व्हॅल्यू कशीही बदलली तरी तो येतो. चेंज नको, तो बॉक्सच्या बाहेर पडल्यावर येतो. आणि डिबाउन्स कर, म्हणजे टायपिंग जरा थांबलं की मगच रिक्वेस्ट: सेटटाइमआउट 300 मिलिसेकंदांचा, प्रत्येक इनपुटला आधीचा टाइमर क्लिअर.

फॉर्मवाला: केलं. पेस्ट चालतंय, रिक्वेस्ट पण बऱ्याच कमी झाल्या. जुनी यादी मात्र अधूनमधून येतेच 😐

रात्रपाळी: येणारच, डिबाउन्सने ते फक्त लपतं. माणूस 'सा' लिहून क्षणभर थांबला की रिक्वेस्ट गेली, मग पुढचं लिहिलं की दुसरी गेली, आता पहिलीचं उत्तर रेंगाळत दुसरीच्या नंतर आलं की तेच यादीवर चढून बसतं, पाठवलेल्या क्रमाने उत्तरं येतील असं काही नसतं. अबॉर्टकंट्रोलर वापर, चालू फेच रद्द करायची ब्राउझरमधली सोय: नवीन फेचच्या आधी जुन्यावर अबॉर्ट, नव्याला नवा सिग्नल. कॅचमध्ये, म्हणजे एरर पकडतो तिथे, अबॉर्टएरर (आपणच रद्द केल्याचा) आला तर गप्प बसायचं, मी हे विसरलो होतो आणि प्रत्येक अक्षराला 'नेटवर्क तपासा' दिसायचं लोकांना. बॉक्स रिकामा केला तरी अबॉर्ट कर. सर्व्हरवरची क्वेरी याने थांबेलच असं नाही हां, यादी तेवढी बरोबर राहील.

कानामात्रा: 'दोन अक्षरं झाली की शोध' अशी अट टाकली असशील तर बघ, 'सा'ची लेंग्थ 2 येते, काना वेगळा मोजला जातो. 'क्षे' तर 4. इंग्रजीत टेस्ट करून हे कळत नाही.

फॉर्मवाला: अट होती ना! म्हणूनच एकाच अक्षरावर रिक्वेस्ट जायची, मी डिबाउन्सला शिव्या घालत होतो. अबॉर्ट लावलं, स्लो नेटवर पाचसहादा करून बघितलं, नाही आली जुनी यादी.

जुना_खेळाडू: निवडलेल्या गावाचा आयडी सर्व्हरवर पण तपास रे, यादीतूनच आलाय असं धरून चालू नको.