‘जीवनशैलीचे आजार’ म्हणे! जीवनशैली निवडायला मिळते कुणाला?

घोडबंदरी (धागाकर्ता)

गेल्या रविवारी आमच्या मानपाड्याच्या सोसायटीत आरोग्य शिबिर झालं. क्लबहाउसात एकीकडे वजनकाटा, दुसरीकडे साखर तपासणारी मुलगी आणि तिच्या शेजारच्याच टेबलावर, हे मुद्दाम सांगतोय, कमिटीने मागवलेले सामोसे आणि जिलब्या. उपाशीपोटी या म्हणून कळवलं होतं ना, मग तपासणीनंतर नाश्ता नको?

माझं वय 41. उपाशीपोटी साखर 118, कंबर 96 सेंटिमीटर. डॉक्टर तरुण होते, समजुतीने बोलले. ‘मधुमेह नाही अजून, पण उंबरठ्यावर आहात. जीवनशैली बदला.’ हातात छापील कागद दिला. रोज 45 मिनिटं चाला. सात तास झोपा. रात्रीचं जेवण आठच्या आत. ताण घेऊ नका.

आता माझा दिवस ऐका. सकाळी 6:50 ला घर सोडतो. बस मिळाली तर बस, नाहीतर शेअर रिक्षात चौथी सीट. मग ठाण्याहून सीएसएमटी फास्ट. परत घरी नऊ. आठच्या आत जेवायचं तर मला मुलुंडच्या आसपास, डब्यात उभ्याने, समोरच्याच्या पाठीवर ताट ठेवून जेवावं लागेल.

‘शैली’ म्हणजे माणसाने निवडलेली गोष्ट. माझं आहे ते वेळापत्रक, आणि ते मी ठरवलेलं नाही. आजाराच्या नावातच दोष माझ्यावर टाकून सगळे मोकळे होतात. पटतंय का कुणाला?

कोपरीचे आजोबा

नाही पटत. 1974 पासून 2009 पर्यंत मी ठाणे-व्हीटी केलं. पस्तीस वर्षं. गर्दी तेव्हाही होती, पंखे तेव्हाही बंद असायचे. डबा घरचा. स्टेशनाबाहेरचा वडापाव खायचा तो पगाराच्या दिवशी, आणि दोघांत मिळून तीन.

तुमच्या सोसायट्यांच्या गेटवर रात्री साडेदहाला डिलिव्हरीवाल्या पोरांची रांग लागते. ती कोण मागवतो, रेल्वे? वेळापत्रक तुमच्या हातात नसेल, बोट तर तुमचंच असतं ना मोबाइलवर? आणि नऊला घरी आल्यावर बारापर्यंत काय करता तेही लिहा.

घोडबंदरी

काका, 1974 साली तुम्ही कोपरीहून स्टेशनला चालत जात होता. दहा मिनिटं जायची, दहा यायची. तो तुमचा व्यायाम फुकटात होत होता. मी चालतो म्हटलं तर हायवेच्या कडेने चालू का?

आकडेमोड

दोघांनाही थोडं थोडं दुखवतो.

आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा इंडियाब हा मोठा अभ्यास 2023 च्या जूनमध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या मधुमेहविषयक आवृत्तीत आला. देशभरातले 1,13,043 प्रौढ त्यात तपासले होते. मधुमेह 11.4 टक्के, उंबरठ्यावरचे 15.3 टक्के, उच्च रक्तदाब 35.5 टक्के. पोट सुटलेले 39.5 टक्के. शहरात मधुमेह 16.4 आणि गावात 8.9. म्हणजे शहर माणसाला आजारी पाडतं, हा घोडबंदरींचा मुद्दा झाला. पण उंबरठ्यावरचे बघा: शहरात 15.4, गावात 15.2. जवळजवळ सारखेच! गावात कुठली आली फास्ट लोकल? त्यामुळे सगळं खापर प्रवासावर फोडता येत नाही.

काका, तुमच्या ‘बोट तर तुमचंच’ला उत्तर पुण्यात आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा जोडफोटो 2004 साली लॅन्सेटमध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एक, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन 9.1 टक्के आणि याज्ञिक 21.2. खाली त्यांनीच गमतीने लिहिलं होतं की एक जण मॅरेथॉन धावतो आणि दुसऱ्याचा व्यायाम म्हणजे लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत गाठणं. (आपलं ठाण्यात दोन नंबरवरून पाच नंबरवर पळणं त्याच जातीचं.) पण गंमत तिथेच संपत नाही. पुण्याजवळच्या गावांतली बाळं त्यांनी मोजली. वजन सरासरी पावणेतीन किलोच्याही आत, हातपाय काडी, पण त्या मानाने चरबी शाबूत. म्हणजे आपण जन्मतःच बारीक दिसणारे आणि आतून लठ्ठ. आईच्या पोटात काय मिळालं, हीसुद्धा ‘जीवनशैली’ म्हणायची का? म्हणूनच आपल्याकडे पुरुषाची कंबर 90 च्या वर आणि बाईची 80 च्या वर गेली की धोका धरतात. तुमचे 96 अमेरिकेच्या 102 च्या फुटपट्टीत बसले असते, इथे नाही.

कोपरीचे आजोबा

बाळं मोजा नाहीतर म्हातारे मोजा. तोंडात घास आपणच घालतो.

स्वयंपाकघरातून

हो, आणि तो घास कोण करतं? मी वाट बघत होते, कुणाला आठवतंय का. ‘डबा घरचा’ असं काका किती सहज लिहून गेले. पस्तीस वर्षं पहाटे कोण उठत होतं?

नोकरी माझीही आहे, वाशीला. पाच वाजता उठून आठ जणांपुरत्या पोळ्या करते, कारण चौघांचं दोन वेळांचं. आणि ‘घरचं’ म्हणजे आपोआप चांगलं, हाही एक भ्रमच. माझाच फुटला, म्हणून सांगते. महिन्याला पाच लिटर तेलाचा डबा लागतो आम्हाला. हिशेब केला. साडेचार किलो भरतं, भागिले चार माणसं, भागिले तीस दिवस. माणशी रोज 38 ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये सांगितलेल्या 2000 कॅलरीच्या ताटात तेल-तूप मिळून 27 ग्रॅम आहे. आम्ही बाहेरचं महिन्यातून दोनदा खातो हो! हे सगळं माझ्या कढईतलं. आमच्याकडे तर भाजीवर तर्री नाही दिसली तर ‘आज बरं नाही का?’ असं विचारतात.

मग काट्यावर कणीक ठेवली. एका पोळीला 30 ग्रॅम. ह्यांच्या दिवसाच्या सहा, म्हणजे 180. वर रात्रीचा भात, सकाळचे पोहे. धरून 300 च्या पुढे. त्या ताटात धान्य सगळं मिळून 250. आणि भाजी 400 ग्रॅम, माणशी! चौघांची रोज सोळाशे. मी आणते मेथीची एक जुडी आणि अर्धा किलो फ्लॉवर, त्यातही देठं जातात. डाळ तर वरणात शोधावी लागते. घरातले पुरुष दोन वेळा जेवायचं की दर दोन तासांनी, यावर तासभर भांडतात. जेवायचं काय आणि ते निवडून, चिरून कोण देणार, त्यावर शांतता.

तेव्हा घोडबंदरी, तुमचं वेळापत्रक तुम्ही ठरवलं नाही हे मान्य. पण त्या कागदावरच्या ‘घरचं, ताजं, आठच्या आत’चं वेळापत्रक आणखी कुणाच्या तरी डोक्यावर बसतं. तिची साखर किती आली शिबिरात?

घोडबंदरी

ताई, खरं सांगतो. ती खाली आलीच नाही. मुलाचा क्लास होता. मीच ‘तू पुढच्या वेळी ये’ म्हटलं.

ऐरोली रात्रपाळी

तुम्ही सकाळ-संध्याकाळवर भांडताय. आमचं जेवण पहाटे तीनला, कँटीनमध्ये त्या वेळी गरम मिळतं ते फक्त तळलेलं. सकाळी सातला ऊन डोक्यावर घेऊन झोपायचं. ऑफिसने लिफ्टशेजारी तेल-साखरेचा बोर्ड लावलाय, 2025 मध्ये आरोग्य मंत्रालयाचं पत्र आलं होतं तेव्हापासून. सामोशात तेल किती, शीतपेयात साखर किती. बोर्डाखालीच व्हेंडिंग मशीन. चहाला साखर आधीच घातलेली. बिनसाखरेचं बटणच नाही.

कोपरीचे आजोबा

बटण नाही तर चहा पिऊ नका. मेला नाही कुणी चहावाचून.

दवाखान्यातली

काका, तुमचं स्वतःचं बीपी शेवटचं कधी मोजलं?

मी महापालिकेच्या एका आरोग्य केंद्रात नर्स आहे. तिशीच्या पुढच्यांची बीपी-साखर तपासणी आमच्याकडे रोजची. इथे सगळे सामोसा, पोळी, लोकल यांवर बोलतायत आणि दोन गोष्टी कुणाच्याच तोंडी नाहीत.

एक म्हणजे तंबाखू. ‘व्यसन आहे का?’ विचारलं की गडी छाती पुढे काढून सांगतो, ‘सिगारेट नाही, दारू नाही.’ खरंच आहे ते. 2016-17 च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे 3.8 टक्केच होते. पण एकूण तंबाखूवाले 26.6 टक्के. बाकीचा सगळा गालात! गुटखाबंदी 2012 ची आहे, तरी शर्टाच्या खिशाला चुन्याचा पांढरा डाग असतोच. बायकांना विचारायचं तर ‘दात कशाने घासता?’ असं विचारावं लागतं. तेव्हा मशेरी निघते. ती त्यांच्या लेखी तंबाखूच नाही.

दुसरी गोष्ट गोळीची. बीपीची गोळी सरकारी दवाखान्यात मोफत आहे. माणूस महिनाभर घेतो, आकडा खाली येतो, मग ‘आता नॉर्मल आहे’ म्हणून बंद करतो. अहो, गोळीमुळेच तर नॉर्मल आहे! सहा महिन्यांनी तोच माणूस तोंड वाकडं होऊन येतो. जीवनशैली कुणाची, दोष कुणाचा, हे तुमचं चालू द्या. मोजलं असतं आणि गोळी चालू ठेवली असती तर तो चालत घरी गेला असता.

आणि घोडबंदरी, शिबिरात फ्लॅटवालेच होते की वॉचमन, सफाईवाले, घरकामाच्या मावशी यांनाही बोलावलं होतं?

घोडबंदरी

नव्हतं बोलावलं. सुचलंच नाही कुणाला. सामोसे वाटायला मात्र वॉचमनच होता.

आकडेमोड

माझा वरचा उच्च रक्तदाबाचा 35.5 टक्क्यांचा आकडा तिथे गेटवर उभा होता म्हणायचा.

घोडबंदरी

काल रात्री सेक्रेटरींकडून बीपीचं मशीन मागून घेतलं आणि गेटवर गेलो. आमचा रात्रीचा वॉचमन, पन्नाशीच्या आतला, बारीक, आकडेमोड म्हणतात तसाच. 168/102. तो हसायला लागला. ‘साहेब, मशीन बिघडलंय. मला काहीच होत नाही.’ मग माझं मोजलं, 134/86. मशीन ठीक होतं. त्याच्या केबिनमध्ये खुर्चीमागे डब्याची पिशवी टांगलेली होती. भात, सुक्या बोंबलाची चटणी आणि लोणचं. बारा तासांची ड्यूटी.

आता याला काय सांगू? रोज 45 मिनिटं चाला?

दवाखान्यातली

एका आकड्यावर गोळी देत नाहीत. पाच मिनिटं खुर्चीत टेकून बसवा, बोलू देऊ नका, हात टेबलावर, मग पुन्हा मोजा. दोन वेगळ्या दिवशी 140/90 च्या वर आलं तर जवळच्या आरोग्य केंद्रात पाठवा. सकाळी नऊला केस पेपर निघतो. त्याची ड्यूटी किती वाजता सुटते?

घोडबंदरी

आठला. पण साडेआठला तो दुसऱ्या सोसायटीत गाड्या पुसायला जातो.

कोपरीचे आजोबा

गाड्या कुणाच्या आहेत ते विचारा. एक दिवस धुळकट राहिल्या तर चालतील त्यांना. आणि नर्सबाई, माझं 2022 ला मोजलं होतं. उद्या जातो.