मदत हवी आहे: ऑफिसच्या चॅरिटी कामात डिझाइनची जबाबदारी कोण घेतं?

मी एका इंजिनिअरिंग कन्सल्टन्सीत स्ट्रक्चरल टीमला आहे. कामं तऱ्हेतऱ्हेची येतात, आज पाण्याची टाकी तर उद्या जुन्या पुलाची तपासणी, शिकायला भरपूर मिळतं. स्टाफ मिळून दरवर्षी चॅरिटीसाठी काहीतरी करतो, आत्तापर्यंत पैसे गोळा केले, रक्तदान झालं, पण यंदा मला मनापासून वाटतंय की आपल्याला जे येतं तेच द्यावं.

एका शाळेला व्हीलचेअरसाठी रॅम्प हवाय. चढ ६० सेंमी, उतार १:१२ (१ सेंमी चढायला १२ सेंमी लांबी) धरला तरी ७.२ मीटर लांबी लागते, वर सपाट टप्पा वेगळा, आणि सरळ तेवढी जागाच नाहीये म्हणून वळवावा लागणार. ते जमेल हो, अडलंय दुसरीकडेच.

फी घेतली नाही तरी ड्रॉइंगवर सही केली की जबाबदारी येतेच ना? मग फर्मचा प्रोफेशनल इन्शुरन्स (कामातल्या चुकीमुळे भरपाईचा दावा आला तर उपयोगी पडणारा विमा) अशा फुकट कामाला लागू होतो का, की आधी लेखी कळवावं लागतं? चेकिंग दुसऱ्या सीनियरकडून करून घेता का? आणि टाइमशीटवर हे तास कशात टाकता, कारण क्लायंटची डेडलाइन आली की हेच काम आधी मागे पडतं आणि शाळेला ताटकळत ठेवणं मला अजिबात पटत नाही.

कोणी केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.