मदत हवी आहे: तालमीतल्या पैलवानांच्या मोडलेल्या कानांवर संशोधन करायचं आहे (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) एसटीएससाठी, म्हणजे विद्यार्थ्यांच्या दोन महिन्यांच्या संशोधन योजनेसाठी, प्रस्ताव तयार करतेय. विषय ठरलाय, गाइड मॅडमही तयार आहेत, पण काम प्रत्यक्षात कसं उभं करायचं यावर गाडी अडली आहे. इथे डॉक्टर आहेत, फिजिओ आहेत आणि तालमीत वाढलेली माणसंही आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

विषय आहे पैलवानांचे कान. कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, कुठल्याही तालमीच्या दारात उभं राहा, कानांवरूनच कळतं कोण किती वर्षं मातीत आहे. खडाखडीत डोक्याला डोकं लावून रेटताना, मान ओढताना, खाली सापडल्यावर डोकं दाबलं जाताना कान चुरडतो. कानाच्या कूर्चेला, म्हणजे आतल्या लवचीक मऊ हाडाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरच्या पातळ आवरणातूनच तिचं पोषण होतं. मार बसून ते आवरण सुटलं आणि मधे रक्त साचलं की कूर्चेचं पोषण तुटतं. पहिल्या काही दिवसांत रक्त काढून कान नीट दाबून बांधला तर आवरण पुन्हा चिकटतं. आठवडा-दहा दिवस उलटले की तिथे वेडीवाकडी नवी कूर्चा धरायला लागते, मग सुईने काही निघत नाही. आकार सुधारायचा तर ऑपरेशनच.

म्हणजे उपचार साधा आहे, फार खर्चाचा नाही, सरकारी दवाखान्याच्या ओपीडीतही होण्यासारखा आहे. तरी पोरं येत नाहीत, आणि येतात तेव्हा कान कडक झालेला असतो. किती जणांचे कान मोडलेत हे मोजणं मला दुय्यम वाटतं. मला कळून घ्यायचं आहे ते हे, की कान सुजल्यापासून त्या पहिल्या आठवड्यात काय घडतं. कुणाला दाखवतात, कोण काय सांगतं, का थांबतात.

माझा मामेभाऊ तालमीत राहतो. त्याचा कान सुजला तेव्हा मी जवळून पाहिला. वरच्या अर्ध्या भागातली सगळी वळणं भरून सपाट झाली होती, कातडी ताणून चकाकत होती, रंग निळसर-तांबूस. बोट टेकवलं की आत पातळ काहीतरी हलल्याचं जाणवायचं. मी म्हटलं, चल, आत्ताच ईएनटीला दाखवू. तो म्हणाला, "ताई, रविवारी मैदान हाय. पट्टी दिसली तर वस्ताद लढू द्यायचं न्हाईत." त्याचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. जत्रांचा हंगाम मोजका, इनाम त्यातच मिळायचं, आणि घरचे दूध-तूप-बदामाच्या खुराकाला पैसे कसे पाठवतात हे त्याला ठाऊक आहे. त्यात मोडलेल्या कानाचा अभिमानही असतो. "थांब" म्हणणाऱ्या डॉक्टरला या सगळ्याचं उत्तर देता आलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठीच हा अभ्यास करायचाय.

आता अडचणी. एक, सध्या ताजी सूज असलेले पैलवान दोन महिन्यांत फार थोडे भेटतील. जुन्या दुखापतीबद्दल विचारलं तर "किती दिवसांनी दवाखान्यात गेलास" याचं उत्तर अंदाजानेच येणार. यावर काही मार्ग आहे का? दोन, तालमीत राहणारी बरीच पोरं अठराच्या आतली आहेत आणि घर कुणाचं सोलापूरकडे, कुणाचं साताऱ्याकडे. आई-वडिलांची संमती कशी घ्यायची? वस्तादांची सही चालते का? तीन, मी मुलगी आहे. तालमीत पोरं लंगोटावर असतात, मुली-बायका सहसा आत जात नाहीत. तिथली रीत मोडायची माझी इच्छा नाही, पण तपासणी तर करायची आहे. आणि चौथी गोष्ट लिहायला जड जाते. काही पोरं इंजेक्शनची सुई आणून एकमेकांच्या कानातलं रक्त काढतात असं भावाकडून कळलं. हे विचारायचं कसं, की ते खरं सांगतील आणि त्यांच्यावर बालंटही येणार नाही?

नमुना किती घ्यायचा यावरही कुणी समजावून सांगितलं तर उपकार होतील.

लाल_माती:
ताई, मी स्वतः तालमीत वर्षं काढलेला माणूस आहे, माझे दोन्ही कान गेलेत. विषय चांगला घेतलाय. आधी पोरांकडे जाऊ नका, वस्तादांकडे जा, आणि कुणीतरी वडीलधारं सोबत घ्या. तुमचे सर किंवा मॅडम आल्या तर उत्तम. हौद्याकडे, म्हणजे कुस्तीच्या मातीकडे, जायची गरजच नाही. बाहेर कट्ट्यावर खुर्ची टाकून बसा, पोरं कपडे घालून एकेक करून येतील. पहाटेच्या मेहनतीनंतर जाऊ नका, खुराक घेऊन सगळी झोपलेली असतात. दुपारी उठल्यावर, संध्याकाळच्या मेहनतीआधी जो वेळ असतो तो मागा.

वस्ताद पहिला प्रश्न विचारतील, पोरगं किती दिवस बाहेर बसणार? त्याचं उत्तर तयार ठेवा. "डॉक्टर ठरवतील" म्हणालात की संपलं. आणि लढत बंद म्हणजे सगळी मेहनत बंद असं नसतं हे डॉक्टरांनी सांगायला हवं. आमच्या वेळी कुणी सांगितलं असतं की कान बांधून बैठका मारता येतील, तर आम्ही कशाला लपवलं असतं? मुलींच्याही कुस्त्या आता जोरात आहेत, त्यांना वगळू नका. तिथे तुम्हाला कुणी अडवणार नाही.

कम्युनिटी_मेडिसिन:
नमुन्याचं सांगतो. प्रमाण आधी माहीत नसेल तर ५० टक्के धरतात. ९५ टक्के विश्वासपातळी आणि १० टक्के चूक (उत्तर खऱ्यापेक्षा दहा टक्क्यांनी इकडे-तिकडे) चालेल असं मानलं तर साध्या सूत्राने सुमारे ९६ जण येतात. पण तुम्ही पोरं सुटी सुटी निवडत नाही, तालमी निवडता. एका तालमीतल्या पोरांच्या सवयी एकसारख्या असतात, वस्ताद एकच असतो, म्हणून आकडा वाढवावा लागतो. दीडपट धरलात तर १४४. दोन महिन्यांत एवढं झेपेल. एकाच मोठ्या तालमीत सगळे गाठण्यापेक्षा जास्त तालमींतून थोडे थोडे घ्या.

आठवणीबद्दल: तारखा विचारू नका. जोतिबाच्या यात्रेआधी की नंतर, नागपंचमी झाली होती का, त्या वेळी कुठल्या गावचं मैदान होतं, असं विचारा. पैलवान तारीख विसरेल, पण कुठल्या मैदानात कुणाबरोबर लढला हे विसरत नाही. आणि फक्त गेल्या वर्षभरातल्या दुखापतीपुरतंच विचारा. पहिल्या आठवड्याची गोष्ट हवी असेल तर नुसत्या हो-नाही प्रश्नांनी मिळणार नाही. दहा-बारा पैलवान आणि काही वस्तादांशी सविस्तर मुलाखती जोडा. मला तर तोच या अभ्यासाचा गाभा वाटतो.

कान_नाक_घसा:
तपासणी एकसारखी व्हावी म्हणून आधीच ठरलेली वर्गवारी वापरा. जपानी सर्जन योत्सुयानागी यांची वर्गवारी प्रसिद्ध आहे. कानाची बाह्यरेषा टिकून आहे की बदलली, यावर तिचे मुख्य दोन गट पडतात. प्रत्येक कानाचे फोटो घ्या, चेहरा येऊ देऊ नका, फोटोची संमती वेगळी घ्या. दोन जणांनी एकमेकांना न विचारता ते फोटो वर्गात बसवावेत आणि मग दोघांचं किती जुळतं ते काढावं. कानाची नळी अरुंद झाली आहे का, ऐकायला कमी येतं का, हेही नोंदवा.

ताजी सूज सापडली तर ती फक्त नोंदवून पुढे जायचं नाही. त्याच दिवशी ओपीडीत पाठवायची सोय गाइडशी बोलून आधी करून ठेवा. कान लाल, गरम आणि फार दुखरा असेल, ताप असेल, तर कूर्चेच्या आवरणाला जंतुसंसर्ग झालेला असू शकतो, तिथे थांबायचंच नाही. रक्त काढल्यावर नुसती पट्टी पुरत नाही, पुन्हा भरतं. कानाच्या दोन्ही बाजूंनी कापसाचे रोल ठेवून टाके घालतात, म्हणजे आवरण दाबून राहतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघतात. लढत किती दिवस बंद हे कानावर अवलंबून, पण निदान ड्रेसिंग निघेपर्यंत तरी नाहीच. वस्तादांना हे समजावताना अमेरिकेतल्या शाळकरी कुस्तीचं उदाहरण द्या, तिथे कान झाकणारं हेडगिअर सक्तीचं असतं.

सुईचा प्रश्न महत्त्वाचा आहे. तो वस्तादांसमोर विचारायचा नाही, नाव न लिहिता चिठ्ठीवर खूण करून पेटीत टाकायला सांगा. हिपॅटायटिस बीची लस घेतली आहे का, हेही त्याच चिठ्ठीत घ्या. सामायिक सुईमधून काय काय पसरतं हे शेवटी सगळ्यांना एकत्र सांगा, म्हणजे कुणा एकाकडे बोट जात नाही.

संमतीपत्र:
वस्तादांची परवानगी लागेल, पण ती संमती नाही. त्यांचा शब्द पोरांसाठी हुकूम असतो, म्हणून तर जास्त काळजी घ्यायची. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अठराखालच्यांसाठी पालकांची संमती हवी, आणि बारा वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची लेखी मान्यताही हवी. अशा कमी जोखमीच्या अभ्यासाला एका पालकाची सही सहसा पुरते. मराठीतलं पत्रक पोरासोबत घरी पाठवा, पालकांशी फोनवर बोला. काही पोरांचे पालक महिन्यातून एकदा खुराकाचं सामान घेऊन तालमीत येतात, तो दिवस वस्तादांना विचारून ठेवा. "नाही म्हटलं तरी तालमीत काही फरक पडणार नाही" हे वाक्य पत्रकात ठळक हवं. आणि एथिक्स कमिटीला प्रस्ताव आजच द्या, मंजुरीशिवाय एकही कान तपासायचा नाही.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. मॅडमना हा धागा दाखवला. मुलाखतींचा भाग वाढवायला त्या तयार आहेत, वस्तादांना भेटायला स्वतः येणार आहेत, आणि ताज्या सुजेसाठी ईएनटी विभागाशी बोलणार आहेत. जोतिबाची यात्रा आणि मैदानांवरून काळ विचारायचं फार पटलं, प्रश्नावली त्याप्रमाणे नव्याने लिहितेय. सुईचा प्रश्न चिठ्ठी-पेटीतच जाईल.

लाल_माती दादा, एक विनंती. कान बांधलेला असताना कुठली मेहनत चालते याची यादी ईएनटीच्या सरांकडून तपासून वस्तादांना द्यायची आहे. जोर, बैठका, दोर चढणं, धावणं, मान घट्ट करायचे व्यायाम, यात तालमीतलं काय राहिलं ते सांगाल का? आणि कान_नाक_घसा, यातल्या कशाने कानावर दाब येतो ते तुम्ही बघून सांगितलंत तर यादी पक्की होईल.