मदत हवी आहे: ठिबकच्या प्रोजेक्टमध्ये ‘किंमत’ कोणती धरू?

जळगावला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इलेक्टिव्ह म्हणून मार्केटिंग मॅनेजमेंट घेतलंय आणि मिनी प्रोजेक्टला रावेर-यावलच्या केळी पट्ट्यातले ठिबक संच निवडलेत. मॅकार्थीचे चार पी (१९६०: प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस म्हणजे विक्रीची वाट, प्रमोशन), सेगमेंटेशन (ग्राहकांचे गट पाडणं), पोझिशनिंग (ग्राहकाच्या मनात वस्तूची जागा ठरवणं) वाचून झालं, पण उदाहरणं सगळी साबण-शाम्पूची! इथे नळ्या वापरणार शेतकरी, ब्रँड बऱ्याचदा सुचवतो डीलर आणि पैशांचा मोठा वाटा सरकारचा: ‘पर ड्रॉप मोअर क्रॉप’ या केंद्राच्या सूक्ष्म सिंचन योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के अनुदान, इतरांना ४५, तेही ठरवून दिलेल्या खर्चमर्यादेवर.

डीलर आणि शेतकरी दोघांशी बोललो. डीलर पूर्ण बिल सांगतात, शेतकरी अनुदान वजा करून. सेगमेंट पिकावरून पाडून पाहिले, तेही नीट बसले नाहीत. जमीनधारणेवरून पाडले तर निदान अनुदानाचा फरक दिसतो.

मोठा सर्व्हे शक्य नाही, गूगल फॉर्म शेतकरी भरत नाहीत. आकडेमोड एक्सेलपुरतीच हवी. तयार रिपोर्ट नकोय.

तर ‘प्राइस’मध्ये पूर्ण बिल धरायचं की शेतकऱ्याच्या खिशातून जाणारी रक्कम? आणि डीलरला ‘प्लेस’मध्ये टाकू की ग्राहकाच्या खरेदी-निर्णयात?